फौजेत शिकलेली विद्या: ऐकून घेण्याची



या सदरात आपण शिक्षणाच्या आणि रोजगाराच्या वेगवेगळ्या वाटा पाहत आलो आहोत. या महिन्याची वाट नर्सिंगची आहे, आणि त्यातही मानसिक आजारांच्या नर्सिंगची. हे नाव काढले की पुष्कळ घरांत कपाळावर आठी पडते, याची मला कल्पना आहे. म्हणून अभ्यासक्रम आणि फी यांच्याकडे वळण्याआधी एका बाईंची हकीकत सांगते. त्या साध्या कामगाराच्या घरात जन्मल्या, नर्स झाल्या, महायुद्धात लष्करात भरती झाल्या आणि परत आल्यावर मनोरुग्णांच्या शुश्रूषेला त्यांनी एका विद्येचा दर्जा मिळवून दिला. पुढे साऱ्या अमेरिकेतील परिचारिकांनी त्यांना आपल्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष केले. त्यांचे नाव हिल्डगार्ड पेप्लाऊ. आपल्याकडे बी.एस्सी. नर्सिंग करणाऱ्या एखाद्या मुलीला विचारून पाहा, हे नाव तिने पुस्तकात नक्की वाचलेले असेल.

पेप्लाऊ यांचा जन्म १ सप्टेंबर १९०९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, रेडिंग या गावी झाला. आईवडील युरोपातून पोट भरण्यासाठी तिकडे गेलेले. सहा भावंडांत या दुसऱ्या. त्या नऊ वर्षांच्या असताना, १९१८ साली, फ्लूची भयंकर साथ आली. हीच साथ त्या वर्षी मुंबई बंदरातून आपल्या देशातही शिरली होती आणि घरेच्या घरे बसली होती. आजार एकट्या माणसाला होत नाही, तो सगळ्या घराला होतो, हे त्या मुलीने तेव्हा डोळ्यांनी पाहिले.

त्या काळात गरीब घरातील मुलीपुढे फार रस्ते नव्हते. लग्न, मठात जाऊन जोगीण होणे, शिक्षिका किंवा नर्स. पेप्लाऊ यांनी नर्सिंग निवडले, कारण त्यात स्वतःच्या पायावर उभे राहता येत होते. १९३१ साली पॉट्सटाउन येथील रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेतून त्या बाहेर पडल्या. त्या वेळच्या नर्सिंग शाळा म्हणजे अर्धी शिकवण आणि अर्धी बिनपगारी चाकरी. विद्यार्थिनींनी वॉर्ड सांभाळायचे, त्या बदल्यात रुग्णालयाने राहायला-खायला आणि प्रमाणपत्र द्यायचे. डॉक्टर आत आले की उठून उभे राहायचे आणि सांगितलेले करायचे.

पुढे त्यांना व्हरमाँट राज्यातील बेनिंग्टन कॉलेजात परिचारिकेची नोकरी मिळाली. आजारी पडलेल्या विद्यार्थिनींना औषधपाणी करता करता त्या स्वतःच त्या कॉलेजच्या विद्यार्थिनी झाल्या. नोकरी सांभाळून शिकल्या आणि १९४३ साली, वयाच्या तेहतिसाव्या-चौतिसाव्या वर्षी, पदवीधर झाल्या. "आता वय झालं, आता काय शिकायचं?" असे म्हणणाऱ्या भगिनींनी हा आकडा लक्षात ठेवावा.

विषय होता माणसामाणसांतील संबंधांचे मानसशास्त्र. या काळात मेरिलँडमधील चेस्टनट लॉज या खासगी मनोरुग्णालयात राहून काम पाहण्याची संधी त्यांना मिळाली. तेथे हॅरी स्टॅक सलिव्हन यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. सलिव्हन यांचे म्हणणे थोडक्यात असे, की माणसाचे मन एकट्याने घडत नाही. ते नात्यांतून घडते आणि नात्यांतूनच बिघडते. मग ते सुधारायचे तर त्यालाही एखादे नातेच लागेल. पेप्लाऊ यांच्या मनात प्रश्न उभा राहिला. रुग्णाजवळ डॉक्टर दिवसातून थोडा वेळ येतात, परिचारिका रात्रंदिवस असते. मग हे बरे करणारे नाते तिने का जोडू नये?

या प्रश्नाची खरी परीक्षा युद्धात झाली. १९४३ साली त्या अमेरिकेच्या आर्मी नर्स कोअरमध्ये भरती झाल्या आणि १९४५ पर्यंत लष्करी सेवेत राहिल्या. त्यांची नेमणूक इंग्लंडमध्ये ३१२ क्रमांकाच्या लष्करी रुग्णालयात झाली. तेथे लढाईने ज्यांचे मन कोलमडले होते असे सैनिक आणले जात आणि अशा रुग्णांवर उपचार कसे करावेत याचे प्रशिक्षण लष्करी डॉक्टर-परिचारिकांना दिले जाई. अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांतील मानसोपचाराच्या मोठ्या जाणकारांबरोबर त्यांना काम करता आले.

या रुग्णांच्या अंगावर बहुधा जखम नसे. कुणाचे हात थरथरत, कुणाला झोप लागत नसे, कुणाची वाचा गेलेली असे, कुणी भांडे पडल्याच्या आवाजाने पलंगाखाली शिरे. जगाच्या नजरेत मात्र ते भित्रे. याच वर्षी, ऑगस्ट १९४३ मध्ये, सिसिलीच्या लढाईत अमेरिकेचे नामवंत सेनानी जनरल पॅटन यांनी लष्करी दवाखान्यात दाखल असलेल्या दोन सैनिकांना, दोन वेगळ्या प्रसंगी, भित्रे ठरवून थप्पड मारली होती. वरिष्ठ सेनापती आयझेनहॉवर यांनी त्यांना माफी मागायला लावली. एवढ्या मोठ्या सेनापतीलाही न दिसणारी जखम कळली नाही, तर साध्या माणसाला ती कुठून कळावी?

आपल्या घरांत तरी दुसरे काय होते? मुलगा चार महिने खोलीबाहेर पडत नाही, तर तो कामचोर ठरतो. बाळंतीण रात्रंदिवस रडते, तर ती नखरेल ठरते. थप्पड प्रत्येक वेळी हातानेच मारली जाते असे नाही.

पेप्लाऊ युद्धावरून परतल्या तेव्हा अमेरिकेचे सरकारही खडबडून जागे झाले होते. सैन्यभरतीच्या तपासणीत दहा लाखांहून अधिक तरुण मानसिक कारणांवरून नाकारले गेले होते. लढाईतून परतलेल्या सैनिकांचे प्रश्न वेगळेच. मानसिक आजार म्हणजे चार वेड्यांची गोष्ट नाही, तो साऱ्या देशाचा प्रश्न आहे, हे युद्धाने दाखवून दिले. त्यातून १९४६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कायदा झाला. मानसोपचाराचे डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका या चार प्रकारच्या माणसांना तयार करण्यासाठी सरकारी पैसा मिळू लागला. १९४४ च्या एका कायद्याने युद्धावरून आलेल्यांच्या शिक्षणाचा खर्चही सरकारने उचलला होता. बंदूक ठेवून पुस्तक हाती घेणाऱ्यांची त्या देशात रीघ लागली.

पेप्लाऊ यांनीही पुन्हा पुस्तके हाती घेतली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातून १९४७ साली त्यांनी एम.ए. केले आणि तेथेच मनोरुग्ण-परिचर्या शिकवू लागल्या. १९५३ साली शिक्षणशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. मधल्या काळात एक मुलगी त्यांनी एकटीने वाढवली. ती मुलगी पुढे मानसशास्त्राची प्राध्यापक झाली.

त्या वेळची सरकारी मनोरुग्णालये कशी होती, हे सांगितल्याशिवाय पेप्लाऊ यांच्या कामाचे मोल कळणार नाही. १९५५ साली अमेरिकेच्या राज्यांच्या मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. एकेका वॉर्डात माणसे कोंबलेली. रुग्ण उसळला की त्याला बांधायचे, कोंडायचे किंवा ओल्या चादरीत घट्ट गुंडाळून ठेवायचे. परिचारिकेच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. रुग्ण मोजायचे, जेवू घालायचे, कुलूप लावायचे. त्यांच्याशी बोलण्यात वेळ घालवणारी परिचारिका आळशी समजली जाई.

अशा काळात पेप्लाऊ यांनी एक पुस्तक लिहिले. विषय होता नर्सिंगमधील माणसामाणसांतील संबंध. १९४८ साली ते लिहून पूर्ण झाले, पण छापून आले १९५२ साली. चार वर्षे ते अडून राहिले, कारण नुसत्या परिचारिकेने, सोबत कोणा डॉक्टरचे नाव न घेता, असे शास्त्राचे पुस्तक लिहावे ही गोष्टच तेव्हा पचणारी नव्हती. पेप्लाऊ यांनी कुणाचे नाव उसने घेतले नाही. पुस्तक शेवटी त्यांच्या एकटीच्या नावावर निघाले.

पुस्तकाचा गाभा समजायला अवघड नाही. समजा, वॉर्डात एक तरुण नवीन आला आहे. दोन दिवस तो कुणाशी बोलत नाही. परिचारिका त्याच्यासाठी परकी आहे आणि तोही तिच्यासाठी परका आहे. पहिला टप्पा ओळखीचा. ती आपले नाव सांगते, किती वेळ बसणार ते सांगते आणि ठरल्या वेळी खरोखर येते. दुसऱ्या टप्प्यात त्याला वाटू लागते, की ही बाई माझे ऐकेल. तिसऱ्या टप्प्यात तो तिच्याकडून मिळणाऱ्या मदतीचा उपयोग करू लागतो: माहिती विचारतो, आपली अडचण मांडतो, नवे वागणे करून पाहतो. चौथा टप्पा निरोपाचा. त्याने आपल्या पायावर उभे राहून घरी जायचे आणि तिने त्याला जाऊ द्यायचे. या प्रवासात परिचारिका कधी माहिती देणारी असते, कधी शिक्षिका, कधी पुढाकार घेणारी, कधी सल्ला देणारी, तर कधी रुग्णाच्या मनात ती आई किंवा बहिणीच्या जागी येऊन बसते. आपण या घडीला कोणत्या भूमिकेत आहोत, याचे भान तिला हवे. नाहीतर माया लावता लावता ती रुग्णाला आपल्यावरच अवलंबून करून टाकते.

यातील एक गोष्ट तर प्रत्येक घराला उपयोगी पडणारी आहे. चिंतेच्या चार पायऱ्या पेप्लाऊ यांनी सांगितल्या. पहिली सौम्य. परीक्षेच्या आदल्या दिवशी असते तशी. तिच्यात माणूस उलट अधिक सावध होतो आणि शिकतो. दुसरी मध्यम. हिच्यात लक्ष आकसते, समोरचे तेवढे दिसते, आजूबाजूचे सुटते. तिसरी तीव्र. माणूस एखाद्या लहानशा गोष्टीला चिकटून राहतो, समजावलेले डोक्यात शिरत नाही. चौथी भीतीने गांगरून जाण्याची. तेथे विचार चालतच नाही. चौथ्या पायरीवरच्या माणसाला उपदेश करणे म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचे धडे देणे. त्याच्याजवळ थांबावे, आवाज हळू ठेवावा, दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलावीत. चिंता उतरली की मग बोलावे. आणखी एक: चिंता एका माणसातून दुसऱ्यात झिरपते. परिचारिका स्वतः धास्तावलेली असेल तर रुग्ण अधिकच बिथरतो. म्हणून तिने आधी आपले मन ओळखायला शिकावे. आई आणि मास्तरांनाही हे तितकेच लागू आहे.

हे सगळे त्या शिकवीत कसे? नुसती व्याख्याने देऊन नव्हे. प्रत्येक विद्यार्थिनीने एका रुग्णाबरोबर ठरलेला वेळ एकटीने बसायचे आणि नंतर झालेले बोलणे शब्दश: लिहून काढायचे. तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, मी गप्प का झाले, मी विषय का बदलला. मग ते कागद घेऊन गुरू आणि शिष्य एकत्र बसत. त्या कागदावर परिचारिका स्वतःलाच सापडे. रुग्ण आपल्या मेलेल्या भावाबद्दल सांगू लागला आणि मी "जेवलास का?" असे विचारले, तर ते त्याच्या भल्यासाठी नव्हते. मला ऐकवत नव्हते म्हणून होते. आपल्याकडील नर्सिंगच्या विद्यार्थिनीही मनोरुग्ण विभागात असताना असे संवाद लिहून सादर करतात. त्या वहीमागे केवढा विचार आहे, हे त्यांना कुणी सांगितले तर ती वही ओझे वाटणार नाही.

१९५४ साली पेप्लाऊ न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात गेल्या आणि १९७४ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथे राहिल्या. मनोरुग्ण-परिचर्येत तज्ज्ञ परिचारिका तयार करणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यांनी तेथे सुरू केला. अशा प्रकारचा तो पहिलाच मानला जातो. उन्हाळ्याच्या सुटीत त्या राज्याराज्यांतील सरकारी मनोरुग्णालयांत जाऊन तेथील परिचारिकांना शिकवीत. ज्यांना कुणी कधी काही विचारले नव्हते अशा बायकांना त्या सांगत, की तुम्ही रुग्णाशी बोलता ते काम आहे, वेळेची नासाडी नाही.

नेतृत्वही असेच कामातून चालत आले. १९६९-७० मध्ये त्या अमेरिकन नर्सेस असोसिएशनच्या कार्यकारी संचालक होत्या आणि १९७० ते १९७२ अध्यक्ष. दोन्ही पदे भूषवणाऱ्या त्या एकट्याच. पुढे परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या संचालक मंडळावर त्यांनी काम केले. या परिषदेचा सर्वोच्च मानला जाणारा क्रिस्टियान राइमान पुरस्कार त्यांना १९९७ साली मिळाला. १७ मार्च १९९९ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी त्या वारल्या. आज अमेरिकेत मानसोपचाराचे उच्च शिक्षण घेतलेल्या परिचारिका रुग्ण तपासतात, समुपदेशन करतात, औषधेही लिहून देतात. त्या इमारतीचा पाया पेप्लाऊ यांनी घातला.

ही झाली एका बाईची गोष्ट. मुलांच्या अब्बांसाठी एका पुरुषाचीही सांगते. ल्यूथर क्रिस्टमन यांचा जन्म १९१५ साली त्याच पेनसिल्व्हेनियात झाला. फिलाडेल्फियामध्ये पुरुषांसाठी वेगळी नर्सिंग शाळा होती, तेथून ते १९३९ साली परिचारक झाले. प्रसूती विभागात शिकण्याची परवानगी त्यांना नाकारली गेली. युद्ध सुरू झाले तेव्हा त्यांनी आघाडीवर परिचारक म्हणून जाण्याची तयारी दाखवली, पण लष्कराच्या नर्सिंग सेवेत पुरुषांना प्रवेशच नव्हता. हा दरवाजा १९५५ साली कायदा बदलल्यावर उघडला. क्रिस्टमन मग व्यापारी जहाजांशी संबंधित मेरिटाइम सर्व्हिसमध्ये गेले आणि आजारी खलाशांची काळजी घेत युद्धकाळ काढला. पुढे साउथ डकोटातील यँक्टन सरकारी मनोरुग्णालयात ते परिचर्या विभागाचे प्रमुख झाले. समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्रात त्यांनी पीएच.डी. केली. १९६७ साली ते व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या नर्सिंग शाखेचे अधिष्ठाता झाले. अमेरिकेत त्या पदावर बसलेले ते पहिले पुरुष. १९७२ पासून शिकागोच्या रश विद्यापीठात त्यांनी नियम घातला, की नर्सिंग शिकवणाऱ्याने वॉर्डातही काम करायचे. २०११ मध्ये ते वारले तेव्हा ९६ वर्षांचे होते.

एकीला सांगितले गेले, की तू बाई आहेस आणि नुसती नर्स आहेस, पुस्तकावर डॉक्टरचे नाव हवे. दुसऱ्याला सांगितले गेले, की तू पुरुष आहेस, नर्सिंग तुझे काम नाही. दोघांनी भांडणात आयुष्य घालवले नाही. सब्र ठेवून अधिक शिकत गेले, आणि शेवटी नियम करणाऱ्यांच्या खुर्चीत जाऊन बसले.

आता आपल्या घराकडे येऊ. बारावीच्या निकालानंतर शाळेत भेटायला येणाऱ्या पालकांपुढे मी नर्सिंगचे नाव काढते तेव्हा अम्मी म्हणतात, "टीचर, इतकं शिकवून पोरीनं लोकांची घाण काढायची का? आणि रात्रपाळीच्या पोरीला रिश्ता कोण देणार?" मुलाचा विषय असला तर अब्बा नुसते हसतात. मात्र याच अम्मी रुग्णालयात भरती झाल्या तर रात्री तीन वाजता हाक कुणाला मारतात? सिस्टरला. आणि पुरुषांच्या वॉर्डात उसळलेल्या रुग्णाला शांत करायला कोण लागतो? ब्रदर. ज्यांच्या खिदमतीवर आपला जीव टिकतो, त्यांच्या पेशाला आपण कमी लेखतो, हे कसे चालेल?

गरज किती आहे ते पाहा. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात शंभरातील दहाहून अधिक प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक त्रास असल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. आपल्या राज्यात पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यावर पूर्ण बंदी घातली. ही बंदी उगाच आलेली नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका आश्रमाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना तेथे नेणारे त्यांचे दुश्मन नव्हते, घरचेच लोक होते. दुआ कुणी कुणाला करू नका असे सांगत नाही, पण दुआबरोबर दवाही हवी आणि साखळीच्या जागी माणूस हवा. त्या माणसालाच मनोरुग्ण-परिचारिका म्हणतात. याच कायद्याने मानसिक आरोग्याच्या केंद्रीय प्राधिकरणावर अनुभवी परिचारिकेसाठी सदस्याची जागाही ठेवली आहे. म्हणजे आपल्याकडेही ही वाट वॉर्डापाशी संपत नाही.

वाट अशी आहे. कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांना जीएनएम हा तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी असेल तर चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग. दोन्हींत मानसिक आरोग्य हा विषय असतो. त्यानंतर मनोरुग्ण-परिचर्येचा एक वर्षाचा डिप्लोमा किंवा बी.एस्सी.नंतर दोन वर्षांची एम.एस्सी. प्रवेशाचे नियम आणि प्रवेश परीक्षा दर वर्षी नीट वाचून पाहाव्यात, आणि कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिलची व राज्य परिषदेची मान्यता आहे ना, हे फी भरण्याआधी पाहावे.

लष्कराची वाटही आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात मुलींना बी.एस्सी. नर्सिंग करता येते आणि पुढे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये अधिकारी म्हणून नेमणूक मिळते. आपल्या देशात मेजर जनरल या पदावर पोहोचलेली पहिली महिला कोण, ठाऊक आहे? १९७६ साली हा मान मिळवणाऱ्या जी. ए. राम याच नर्सिंग सेवेतील होत्या. मुलांसाठी सैन्यात नर्सिंग असिस्टंटची भरती असते. चाळिशीच्या आसपास असे जवान गावी परततात. रक्त, भीती आणि रडणारी माणसे पाहून न डगमगण्याची सवय त्यांना झालेली असते. बहुतेक जण मग सुरक्षारक्षकाची नोकरी धरतात. आपल्या वस्तीत असे कुणी असतील तर पुढील शिक्षणाची चौकशी त्यांनी जरूर करावी. पेप्लाऊ फौजेतून परत आल्या तेव्हा छत्तीस वर्षांच्या होत्या, आणि त्यांचे खरे काम त्यानंतर सुरू झाले.

शेवटी ज्या घरांत या घडीला कुणी आजारी आहे त्यांच्यासाठी. बहिणीच्या रिश्त्यात अडचण येईल म्हणून भावाचा आजार लपवला जातो, आणि लपवण्यात गेलेली वर्षे त्याला परत मिळत नाहीत. टेलिमानस ही सरकारी मदतवाहिनी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही चौकशी करता येईल. आणि तोवर घरात एक करता येईल. रोज ठरल्या वेळी पंधरा मिनिटे त्या माणसाजवळ बसा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. उपदेश नको, "सगळं ठीक होईल" असा घाईचा दिलासाही नको. तो बोलला तर ऐका. नाही बोलला तर उद्या त्याच वेळी पुन्हा या.